यादी त्यांची, हप्ता आपला

गेल्या महिन्यात भाच्यानं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून कोटेशन आणलं. छापील लेटरहेड, त्यावर बॉलपेननं एकाखाली एक नऊ ओळी. प्रोसेसर १८,५००. बोर्ड १३,२००. सोळा जीबी रॅम १५,८००. एक टीबीची एसएसडी ९,४००. ग्राफिक कार्ड ३२,५००. मग साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), काचेचं कॅबिनेट, चोवीस इंची मॉनिटर, कीबोर्ड-माऊस. खाली दोन रेघा ओढून १,११,६००. कोपऱ्यात ‘दर आजचा’ असं लिहून त्याखाली आणखी एक रेघ. रॅमचा भाव आठवड्याला हलतोय, म्हणून दुकानदार हल्ली असं लिहून देतात. गुजरीत सोन्याला लिहितात तसं.

दाजी शिरोलीच्या एका फौंड्रीत आहेत. दुसरी पाळी करून आले होते. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि म्हणाले, “एवढ्यात गाडी येती की.”

“पप्पा, जीटीए सिक्स येणाराय,” पोरगं म्हणालं. त्याच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

आता यातली गंमत बघा. ग्रँड थेफ्ट ऑटोच्या या सहाव्या भागाची या घडीला जाहीर असलेली तारीख आहे १९ नोव्हेंबर २०२६, आणि तीसुद्धा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलसाठी. कॉम्प्युटरवर ती कधी येणार, हे कंपनीनं सांगितलेलंच नाही. म्हणजे तिला कोणतं कार्ड लागेल, किती रॅम लागेल, याची यादीही अजून कुठं नाही. पोरानं अभ्यासक्रम ठरायच्या आधीच क्लासची फी भरायला काढली होती. याच कंपनीचा मागचा इतिहास काढला तर पाचवा भाग कन्सोलवर आला १७ सप्टेंबर २०१३ ला आणि कॉम्प्युटरवर १४ एप्रिल २०१५ ला. मध्ये एकोणीस महिने. त्यांचीच रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कॉम्प्युटरवर. आणि पाचव्या भागानं कमीत कमी मागितलं होतं काय? चार जीबी रॅम आणि एक जीबीचं ९८०० जीटी कार्ड, जे २०१५ साली सात वर्षांचं जुनं होतं. त्या वर्षी कुणाच्याही घरात धूळ खात पडलेल्या मशीनवर ती रडतखडत का होईना, चालली असती.

हे मी भाच्याला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं, पण कोटेशन काही खिशात गेलं नाही. मग त्याच्या बाजूनं आणि त्याच्या विरुद्ध, दोन्हीकडून मला जे वाटतं ते लिहायला बसलो. गेमसाठी लाखभर रुपये घालणं हा वेडेपणा आहे का, या प्रश्नावर मी पोराच्या बाजूचा आहे. पण ते लाख रुपये एका घरानं, नव्या गेमची यादी डोळ्यापुढं ठेवून, हप्त्यानं उचलायचे, या गोष्टीला माझा विरोध आहे.

आधी खेळाचं बोलू. कोल्हापुरात खेळावर खर्च करायला कुणाच्या परवानगीची गरज कधी लागली नाही. शाहू महाराजांनी पैलवानांच्या खुराकाची सोय केली, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, तेव्हा ‘कुस्तीचा पोरांना पुढं नोकरीत काय उपयोग’ असा सवाल कुणी टाकल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठांमधली जाणती माणसंसुद्धा हातातलं काम टाकून जातात. दारात बुलेट आली तर पेढे वाटले जातात. बुलेटनं ॲव्हरेज किती दिलं, हे विचारणारा पाहुणा अरसिक ठरतो. मात्र तेवढ्याच पैशात कॉम्प्युटर आला की तो ‘खेळणं’ होतो आणि घेणारा ‘वाया गेलेला’. हा भेद पैशाचा नाही. माती, चेंडू, गाडी आम्हाला दिसते. पोरगं खोलीत बसून काय करतंय ते दिसत नाही, एवढंच.

म्हणूनच पोरं खोटं बोलायला शिकतात. “मामा, यावर सॉलिडवर्क्सपण चालंल,” भाचा म्हणालाच. सॉलिडवर्क्स म्हणजे यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. ते चालेल, यात शंका नाही. उद्यमनगरात फौंड्रीच्या पॅटर्नचं डिझाइन करणाऱ्याच्या टेबलाखाली जवळपास याच ताकदीचं मशीन असतं. पण हा पोरगा सॉलिडवर्क्ससाठी ते घेत नाहीये, हे त्याला माहीत, मला माहीत आणि दाजींना तर पहिल्यापासून माहीत. ‘अभ्यासासाठी’ हा शब्द आमच्या पिढीनं सायकलीपासून मोबाईलपर्यंत एवढा वापरला, की त्याच्यातली सगळी हवा गेली. खेळायला पाहिजे असेल तर खेळायला पाहिजे म्हणावं. त्यावर घर ‘नाही’ म्हणेल किंवा ‘हो’ म्हणेल, पण निदान बोलणं खऱ्या विषयावर होईल.

या खोट्यामागं सरकारचाही थोडा हात आहे. त्या कागदावरच्या १,११,६०० मध्ये अठरा टक्क्यांनी जीएसटीचे सतरा हजार बसलेत. हेच मशीन उद्यमनगरातल्या वर्कशॉपनं जीएसटी नंबरवर घेतलं तर ते सतरा हजार त्याच्या पुढच्या करातून वजा होतात, शिवाय आयकरात कॉम्प्युटरवर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. पोराच्या घरानं घेतलं तर यातलं काहीच नाही. मी कर कमी करा म्हणत नाही. कॉम्प्युटर आणि त्याच्या बहुतेक सुट्या भागांवर मूळ सीमाशुल्क तसंही नाही, आणि पक्कं बिल टाळून तीन-चार हजार वाचवायचा जो मार्ग बाजार दाखवतो, त्यात वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. एक जुनं कार्ड मी स्वतः असं ‘बिलाशिवाय’ घेतलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून नाणी कमावणं, बंद पडलं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, त्यातलं ते असावं. दोन महिन्यांत पडद्यावर हिरवे ठिपके, तिसऱ्या महिन्यात काळोख. दुकानदारानं ओळखही दाखवली नाही. (जुना बोर्ड घेणाऱ्यानं आणखी एक बघावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीतल्या तळमजल्यांत पाणी होतं. कनेक्टरच्या पायांवर हिरवट बुरा दिसला की नमस्कार करून निघायचं.)

आता यादीकडं येतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे.

गेमची कंपनी ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन रकाने छापते आणि आपण ते वाहन परवान्याच्या नियमासारखे वाचतो. पण ते नियम नाहीत. कंपनीनं आपला खर्च कुठं थांबवला आणि गिऱ्हाइकाचा कुठून सुरू केला, त्याची ती रेघ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आली. तिनं किमान रकान्यातच आरटीएक्स २०६० सुपर, सोळा जीबी रॅम आणि १२० जीबीची मोकळी एसएसडी मागितली. मे २०२५ मध्ये डूम: द डार्क एजेस आली, तिचीही मागणी तशीच. दोन्हीकडं कारण एकच, रे ट्रेसिंग. पूर्वी एखाद्या खोलीत खिडकीतून ऊन कसं येईल, भिंतीवर त्याची झळ कशी पडेल, हे कंपनीतले कलाकार आधीच हिशोब करून चित्रात भाजून ठेवायचे. त्याला वेळ लागायचा, आणि भिंत हलवली की सगळं पुन्हा भाजायचं. आता तो हिशोब दर क्षणाला तुमच्या घरातलं कार्ड करतं. दिसायला छान दिसतं, मी नाकारत नाही. पण कंपनीचे जे महिने वाचले त्यांचा खर्च कार्डाच्या रूपानं जगभरातल्या घरांत वाटला गेला, हेही तितकंच खरं. तो वाटताना शिरोलीच्या पाळीत किती पगार मिळतो, हा विचार कुणी करणार नव्हतंच.

फेब्रुवारी २०२५ च्या मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सची यादी तर त्याहून मोकळीढाकळी. शिफारशीच्या रकान्यात सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवल्या, आणि सोबत लिहिलं की हे फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे साठातल्या अर्ध्या फ्रेम खऱ्या, उरलेल्या कार्डानं मधे भरलेल्या. दुधात पाणी घालून वर ‘पाण्यासह एक लिटर’ असं प्रामाणिकपणे लिहिण्यासारखं हे. गोकुळच्या गावात हे कुणी चालवून घेतलं नसतं.

याच्या उलटही करता येतं, याचा पुरावा बाजारातच आहे. व्हॅलोरंट ही बंदुकांच्या लढाईची गेम २०२० साली आली तेव्हा तिच्या किमान रकान्यात चार जीबी रॅम आणि इंटेलचे एचडी ४००० ग्राफिक्स होते, म्हणजे वेगळं कार्डच नको, २०१२ सालच्या साध्या लॅपटॉपमध्ये असतं तेवढं पुरे. माझी भाची, याच घरातली धाकटी, ती गेम दाजींच्या जुन्या लॅपटॉपवर खेळते, आणि भावापेक्षा चांगली खेळते. व्हॅलोरंटवाल्यांना गरिबांचा कळवळा आला होता असं नाही. ती गेम फुकट आहे. कमाई बंदुकीच्या रंगरूपावर होते आणि त्यासाठी गर्दी लागते. गर्दी पाहिजे म्हटल्यावर दार रुंद ठेवावं लागतं. पहिल्याच दिवशी पाच-सहा हजारांना गेम विकायची असेल तर दार अरुंद असलं तरी चालतं, उलट अरुंद दाराची ऐट होते. दोन्ही ठिकाणी इंजिनिअर हुशारच आहेत. निर्णय मात्र हिशोबाच्या खोलीत झाला.

त्यात आपल्याला रुपयाचा वेगळा भुर्दंड आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २०१६ साली मध्यम वर्गाचं कार्ड म्हणजे जीटीएक्स १०६०, सहा जीबीचं, अमेरिकेत २४९ डॉलर. तेव्हा डॉलर ६७ रुपयांच्या आसपास, म्हणजे करापूर्वी सोळा-सतरा हजार. २०२५ सालचं त्याच पायरीवरचं कार्ड आरटीएक्स ५०६०, २९९ डॉलर. डॉलर आता नव्वदीच्या घरात, म्हणजे जवळपास सत्तावीस हजार, त्यावर कर आणि दुकानदाराचा नफा वेगळा. अमेरिकेतल्या पोराला नऊ वर्षांत वीस टक्के महाग पडलं, कोल्हापुरातल्या पोराला साठ टक्के. कंपनीचं म्हणणं खोटं नाही, की ‘आम्ही भाव फारसा वाढवलेला नाही’. फक्त ते डॉलरमध्ये बोलतात आणि दाजी रुपयात कमावतात.

रॅमचं तर विचारूच नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा उचललाय की मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं कुठल्याही दुकानात ‘क्रुशियलची टाकू का’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलंय. आता दुकानदार ‘आज घेताय का उद्या’ एवढंच विचारतो. आधी मायनिंगवाले कार्डं उचलायचे, आता एआयवाले मेमरी उचलतायत. घरगुती गिऱ्हाईक दोन्ही वेळा शेवटच्या पंगतीत.

आणि यंत्र घरात आलं की खर्च संपला असंही नाही. तीनशे-साडेतीनशे वॅट ओढणारं मशीन रोज तीन तास चाललं तर महिन्याला तीस युनिट होतात. ज्या घराचं बिल शंभर युनिटच्या आतबाहेर असतं, तिथं हे तीस युनिट वरच्या दराच्या टप्प्यात पडतात. लाईट जाते म्हणून जो सहाशे व्हीएचा यूपीएस सगळे घेतात, तो साधारण साडेतीनशे वॅटपर्यंतच तग धरतो. गेम ऐन रंगात असताना लाईट गेली तर यूपीएस नुसता शिटी मारतो आणि मशीनबरोबर आपणही जातो. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

तर मग करायचं काय? माझं पहिलं उत्तर पोरांना आवडत नाही. थांबायचं.

दुधाच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण ग्लास हातात मिळतो, त्याची चव पाच मिनिटांची. गेमचं तसं नाही, ती लोणच्याच्या जातीची. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा तिची अवस्था अशी होती की सोनीनं आठवड्याभरात ती आपल्या दुकानातून काढून टाकली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि तीच गेम लोक डोक्यावर घेऊ लागले, तोवर किंमतही सेलमध्ये निम्म्यावर यायला लागली होती. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांनी पूर्ण पैसे देऊन तपासणी करून दिली, उशिरा येणाऱ्यांनी निम्म्या पैशात जेवण केलं. ॲलन वेक २ ची किमान यादी वाचून २०२३ मध्ये जुन्या कार्डवाल्यांनी आशा सोडली होती. काही महिन्यांत कंपनीनं पॅच (गेममधली दुरुस्ती) देऊन त्याच जुन्या कार्डांवर ती पुष्कळ सुधारली. दोन-तीन वर्षं मागं राहून खेळणारा माणूस कमी खर्चात जास्त चांगली गेम खेळतो. तो फक्त गप्पांत मागं पडतो.

आणि नेमकं तेच सोळाव्या-सतराव्या वर्षी सहन होत नाही, हे मलाही कळतं. कॉलेजच्या कट्ट्यावर आजची गेम आजच बोलली जाते. ‘तीन वर्षांनी खेळ’ हा सल्ला म्हणजे ‘यात्रा संपल्यावर जोतिबाला जा, गर्दी नसते’ असं सांगण्यासारखं. गर्दीसाठीच तर जायचं असतं.

म्हणून दुसरं उत्तर. नवं पाहिजे असेल तर ते घरात कशाला पाहिजे? एक साधा हिशोब मांडतो. कथेची मोठी गेम पन्नास-साठ तासांत संपते. अशा वर्षाला दोन खेळल्या, म्हणजे एकशेवीस तास. समजा कुठं चांगल्या मशीनवर तासाला पन्नास रुपये पडले, तर वर्षाचे सहा हजार. घरात १,११,६०० चं मशीन चार वर्षं टिकलं असं धरलं, तर वर्षाला सत्तावीस हजार नऊशे, बिल-यूपीएस सोडून. आणि चार वर्षांनी ते मशीन नव्या यादीच्या किमान रकान्यातही बसणार नाही. घरोघरी एकेक लाखाचं यंत्र, जे दिवसातले एकवीस तास बंद, ही चैन सुखवस्तू देशांनी करावी. ज्या गावानं एकेका पैलवानाच्या घरात आखाडा खणला नाही, पेठेत एक तालीम बांधली, त्या गावाला ही गोष्ट शिकवायची गरज नसावी. हौद एक, माती एकच, तेल-हळद वर्गणीतून, आणि लाल मातीत उतरताना बाप काय कमावतो हे कुणी विचारत नाही.

क्लाउडवर खेळा, म्हणजे गेम दूरच्या मशीनवर चालवून नेटवरून घरी खेळा, असंही काही जण सांगतात. तीही एक तालीमच, फक्त दूरच्या शहरात, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. नेटला उचकी लागली की तुमचा गडी समोरच्याच्या गोळीपुढं पुतळ्यासारखा उभा राहतो. गोष्टीच्या गेमला चालेल, चुरशीच्या गेमला नाही.

गावातल्या सामायिक जागेबद्दल दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. एक, व्हिडिओ पार्लरची आठवण. एकेकाळी पडदे लावलेल्या त्या अंधाऱ्या गाळ्यांत काय चालायचं, हे आमच्या वयाच्या लोकांनी पाहिलंय, त्यामुळं ‘गेमची जागा’ म्हटलं की आयांच्या कपाळावर आठ्या येतात. त्यावर उपाय अवघड नाही. पडदे काढा, दार रस्त्याकडं ठेवा, रात्री नऊला कुलूप. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आलीच आहे, आणि त्याच कायद्यानं स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, म्हणजे ई-स्पोर्ट्‌सला मान्यता दिलीय. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्रानं ते क्रीडा खात्याकडं सोपवलं. सरकार एकदा खेळ म्हणालं की मग मैदान कुठाय, हे विचारायचा हक्क आपल्याला मिळतो.

दुसरा आक्षेप भाचीचा, आणि तो मला अजून पचलेला नाही. ती व्हॅलोरंट खेळते ती माईक बंद ठेवून. मुलीचा आवाज ऐकला की समोरचे खेळ सोडून भलतंच बोलायला लागतात, म्हणून तिनं नावही असं घेतलंय की मुलगा का मुलगी कळू नये. “मामा, तुमच्या त्या तालमीत मी कधी येऊ? पोरं गेल्यावर का?” तिनं विचारलं. तालमीची उपमा इथं येऊन थांबते, कारण तालमीच्या उंबऱ्याच्या आत तिच्या आजीला, आईला कधी जागा नव्हती. सामायिक जागा म्हणताना ती कुणाच्या बापाची सामायिक, हे आधी ठरवावं लागतं. त्यामुळं पेठेतल्या खोलीइतकीच मला कॉलेजांची लॅब योग्य वाटते. शहरातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत कॅडची बरी मशीन आहेत, संध्याकाळी पाच-साडेपाचला त्यांना कुलूप लागतं आणि मे महिन्यात महिनाभर ती पांघरुणाखाली झोपतात. तिथं मुली दिवसा येतातच, वॉचमन असतो, शिक्षक असतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती खोली गेमसाठी उघडली तर आकाश कोसळणार नाही. प्राचार्यांना कोसळेल असं वाटतं, कारण सूचना फलकावर ‘गेम’ हा शब्द कसा लिहायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. ‘ई-स्पोर्ट्‌स सराव’ लिहा. पोरं समजून घेतील.

आणि पैसे? नवी दहा मशीन म्हणजे अकरा लाख. महापालिकेला रक्कम मोठी नाही, पण त्यांच्या खेळाच्या पैशाची वाट रस्त्याच्या खड्ड्यांतून जाते, म्हणून तिकडं मी फार वेळ घालवत नाही. मंडळांचं सांगतो. विसर्जनाच्या एका रात्रीच्या साउंडचं भाडं किती, हे मंडळांनाच विचारा. मी आकडा लिहिला तर उगाच भांडणं होतील. अशी दोन-तीन मंडळं एकत्र आली आणि एका वर्षी स्पीकरच्या भिंती थोड्या कमी उंच लावल्या, तरी निदान चार मशीन येतात. चार मशीनवर पाळी लावून पेठेतली चाळीस पोरं-पोरी खेळतात.

हे नुसतं लिहून भागणार नाही म्हणून भाच्याला घेऊन आमच्या तालमीच्या अध्यक्षांकडं गेलो. वरच्या मजल्यावरची खोली गेली कित्येक वर्षं बंद आहे. आत फुटका कॅरम, जुन्या मूर्तीची प्रभावळ आणि कपाटात ढाली. अध्यक्ष स्वतः तरुणपणी मातीत खेळलेले, कान अजून फुटलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग भाच्याला म्हणाले, “ह्यात घाम येतो काय रं?”

“हप्ते भरताना येतो की, काका.”

अध्यक्ष हसले. हसले म्हणजे नाही म्हणाले नाहीत, एवढंच मी धरून चाललोय.

तोवर घरचा निकाल लागला. दाजींनी कोटेशनमधली एक ओळ बॉलपेननं खोडली, ग्राफिक कार्डाची. प्रोसेसर आतच ग्राफिक्स असलेला घेतला, त्यावर जुनी जीटीए पाच व्यवस्थित पळते. साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस मात्र ठेवला, पुढं कधी कार्ड बसवायचं झालं तर तो बदलायला नको. बेरीज ७९,१००, चाळीस हजार रोख आणि बाकी सहा हप्ते, पक्क्या बिलावर. काचेच्या कॅबिनेटमधून कार्डाची मोकळी जागा दिसते. भाचीनं तिथं एक छोटा प्लास्टिकचा गणपती ठेवला होता. पंख्याला लागेल म्हणून भावानं काढला, तिनं परत ठेवला. जुना लॅपटॉप आता दाजी वापरतात, आणि नव्या मशीनच्या वेळेवरून रोज संध्याकाळी बहीण-भावाची जुंपते.

तालमीच्या वरच्या खोलीची किल्ली खजिनदारांकडं आहे. बैठक फुटबॉलचा हंगाम संपल्यावर घेऊ म्हणालेत.